पत्ता घराचा की दुकानाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



उद्या सकाळी वर्तमानपत्र हातात पडलं की एक गंमत करा. अग्रलेख, राशिभविष्य, निधनवार्ता, शब्दकोडं असं सगळं आटोपलं की शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी नजर टाका. तिथे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक लांबलचक वाक्य असतं. हे वृत्तपत्र अमुक मालकांसाठी तमुक यांनी अमक्या छापखान्यात छापून तमक्या पत्त्यावर प्रसिद्ध केले. सहसा ते कुणी वाचत नाही. मला तर चष्मा लावूनही ते वाचायला खिडकीपाशी जावं लागतं. पण १८६७ सालच्या कायद्यापासून ही ओळ आपल्याकडच्या छापील कागदाला चिकटलेली आहे. इंग्रज सरकारला छापणाऱ्याचा ठावठिकाणा कशासाठी हवा होता, हे वेगळं सांगायला नको. सत्तावनच्या उठावाला जेमतेम दहा वर्षं झाली होती. पुढे इंग्रज गेले, ओळ राहिली. त्या कायद्याच्या जागी २०२३ सालचा नवा कायदा २०२४च्या मार्चमध्ये लागू झाला, तरी वर्तमानपत्रं ती ओळ छापतातच. सरकारने आपल्या सोयीसाठी मागितलेला पत्ता पुढे वाचकाच्याही कामी आला. ज्याची नाहक बदनामी छापून आली, त्याला नोटीस कुठे धाडायची ते कळलं. ज्याला संपादकांची पाठ थोपटायची होती, त्यालाही कळलं.

मी कविता लिहिणारा माणूस. आमच्या व्यवहारातही पत्त्याला मान होता. मी लिहायला लागलो तेव्हा, म्हणजे नव्वद सालाच्या आसपास, गावोगावी लहान लहान नियतकालिकं निघत. संपादकाच्या राहत्या दीड खोलीचा पत्ता तोच संपादकीय कार्यालयाचा पत्ता. कवितेखाली कवीचं नाव आणि त्याखाली घर क्रमांक, पेठ, गाव. त्या पत्त्यावर अनोळखी माणसं पोस्टकार्डं लिहीत. मला आलेल्या पहिल्या तीन कार्डांपैकी दोन कौतुकाची होती आणि एकात ‘आपण गद्य लिहावे’ असा सल्ला होता. ते तिसरं कार्ड मी अजून जपून ठेवलंय.

आज बोलायचंय ते मात्र वेगळ्या पत्त्याबद्दल. हल्ली लहानसहान धंदा करणाऱ्यांचीही वेबसाइट असते. शेंगाचटणीवाल्याची असते, पैठणीला फॉल-बिडिंग करून देणाऱ्या ताईंची असते, लाकडी खेळणी करणाऱ्याची असते. चांगली गोष्ट आहे. पण अशा वेबसाइट उघडून बघा. ‘आमच्याबद्दल’ म्हणून एक पान असतं, त्यात आजीच्या हातची चव, तीन पिढ्यांची परंपरा, विश्वास, आपुलकी वगैरे. आणि ‘संपर्क’ म्हणून जे पान असतं, तिथे चार रिकामे चौकोन. तुमचं नाव लिहा, तुमचा मोबाइल लिहा, तुमचा ई-मेल लिहा, तुमचा निरोप लिहा. म्हणजे सगळं तुम्हीच लिहायचं! समोरचा कोण, कुठला, त्याचं दुकान कुठल्या गावात, याचा मागमूस नाही. आजीचा फोटो असतो, आजीचं गाव नसतं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. पुस्तकांचा शौक. त्यांनी अशाच एका वेबसाइटवर लाकडी मांडणी पसंत केली आणि ४,२०० रुपये आगाऊ भरले. मांडणी काही आली नाही. गुरुजींनी त्या चौकोनांत निरोप लिहिला. ‘आपला निरोप मिळाला, लवकरच संपर्क साधू’ असं यंत्राने लगेच कळवलं. दुसऱ्या निरोपालाही तेच उत्तर, तिसऱ्यालाही तेच. बिलावर एक मोबाइल नंबर होता, तो महिनाभर वाजत राहिला आणि मग बंद झाला. गुरुजी शिस्तीचे. त्यांनी फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात तक्रार लिहिली, सोबत बिलाची झेरॉक्स जोडली आणि ग्राहक चळवळीतल्या एका कार्यकर्त्याकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि एकच विचारलं, “गुरुजी, हे पाठवायचं कुठे?”

मला वाटतं, सगळ्या चर्चेचं मूळ या एका प्रश्नात आहे.

२०१९ सालचा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यात ग्राहकाच्या सोयीची एक मोठी गोष्ट झाली. १९८६च्या जुन्या कायद्यात तक्रार करायची तर समोरचा व्यापारी जिथे आहे किंवा व्यवहार जिथे घडला, तिथल्या मंचाकडे जावं लागे. सोलापूरच्या माणसाने दिल्लीहून वस्तू मागवली आणि ती फुटकी निघाली, तर बहुधा तो कपाळाला हात लावून गप्प बसे. आता ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. गुरुजींना आपल्या गावात न्याय मागता येतो, ही सुधारणा मोलाचीच. पण आयोगसुद्धा तक्रारीची प्रत समोरच्याला पाठवणार, त्याचं म्हणणं ऐकणार, मगच निकाल देणार. ई-मेलने नोटीस बजावण्याची सोय कायद्यात आहे हे खरं. तरी ज्याने निरोपाला उत्तर दिलं नाही, तो ई-मेलला देईल कशावरून? उद्या निकाल गुरुजींच्या बाजूने लागला, तरी पैसे वसूल करायला कुणाच्या दारात जायचं?

याच कारणाने २०२० साली ई-कॉमर्सचे नियम झाले, त्यात पत्त्याचं कलम स्पष्ट आहे. इंटरनेटवर माल किंवा सेवा विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा आणि शाखांचा प्रत्यक्ष पत्ता, ई-मेल, फोन आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती ग्राहकाला सहज दिसेल अशी द्यायची. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण. स्वतःची वेबसाइट चालवणाऱ्याला, धंदा घरगुती आहे म्हणून यातून सूट नाही. कुणी आपली जुनी सायकल एकदा विकली तर ती गोष्ट वेगळी, पण नेमाने धंदा करणाऱ्याला हे लागू आहे. कंपनी असेल तर कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता वेबसाइटच्या पहिल्याच पानावर टाकावा लागतो. गंमत म्हणजे चटणीच्या पाकिटावर हा पत्ता असतोच. वजन-मापाच्या नियमांनी पाकीटबंद मालावर उत्पादकाचं किंवा माल बांधणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रार कुणाकडे करायची ते छापावंच लागतं. तेव्हा चटणी घरी आल्यावर कळतं की ती कुठे कुटली. पैसे देण्याआधी, वेबसाइटवर, ते कळत नाही. पाकिटावर चालतो तो पत्ता पडद्यावर का चालू नये?

आमच्या सोलापूरला तर हे जास्तच लागतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे ‘सोलापुरी’ हा शब्दच कायद्याने पत्ता झालेला आहे, तो जिथे विणलं त्या जागेबद्दल काही सांगतो. आणि वेबसाइटवर चादर विकणारा जर स्वतःचा ठिकाणा सांगत नसेल, तर त्याची चादर सोलापुरी आहे हे मी कुठल्या भरवशावर मानू? इथल्या यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला चादर हातात घेतल्यावर पोत कळतो, वजन कळतं. बाकीच्यांनी फोटोतली चादर हातात कशी घ्यायची? जो खरंच अक्कलकोट रोडवर चादर विणतोय, त्याने तर पत्ता सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहावा. बाजारात नकली माल असताना खऱ्या माणसाजवळ एवढं एकच फुकटचं भांडवल असतं.

तर पत्ता लिहावा, असं माझं मत आहे. पण हे मत मी घरात मांडलं तेव्हा माझ्या भाचीने मला गप्प केलं.

ही माझी भाची शिवणकाम करते. लहान मुलींसाठी शिवलेल्या नऊवारी आणि खणाचे परकर-पोलके. नवरात्र, गुढीपाडवा, शाळांची स्नेहसंमेलनं असा तिचा हंगाम. खण गुळेदगुड्डचा आणते, काठ स्वतः निवडते. आमच्या घरात नऊवारी कुणी नेसत नाही, पण सात वर्षांच्या मुलीच्या नऊवारीचा काष्टा कुठे पक्का शिवायचा आणि कुठे हूक लावायचा, हे आख्ख्या पेठेत तिच्याइतकं कुणाला कळत नसेल. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने तिला वेबसाइट करून दिली आणि त्याच्या सांगण्यावरून तिने घराचा पत्ताही टाकला. शिवाय गूगलच्या नकाशावर तो लाल ठिपका.

पुढचं ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. एक गृहस्थ रात्री साडेनऊला दारात आले. म्हणे, “इकडून चाललो होतो, म्हटलं माप बघून घ्यावं.” नवरा ड्यूटीवर, घरात ती, सासू आणि दोन मुलं. दुसऱ्या एकाला परकर तोकडा झाला. त्याने फोन केला नाही, बदलून मागितला नाही, थेट घरी येऊन जिन्यात उभं राहून शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. घरमालकाने त्याच आठवड्यात भाडेकरार पुढे केला, त्यात ‘फक्त निवासी वापरासाठी’ असं लिहिलेलं. भाची म्हणाली, “मामू, तुमारे पते पे कार्ड आते थे. मेरे पते पे आदमी आतें.”

यावर काय बोलणार?

ज्याचं रस्त्यावर दुकान आहे, शटर आहे, गल्ला आहे, त्याला पत्ता लिहिणं म्हणजे पाटी लावण्यासारखंच. रात्री शटर ओढलं की तो घरी जातो आणि पत्ता तिथेच राहतो. पण ज्या बाईची शिवणाची मशीन पलंगाच्या उशाशी आहे, तिच्या बाबतीत धंद्याचा पत्ता आणि मुलं जिथे झोपतात तो पत्ता एकच. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा पहिल्या प्रकारचा दुकानदार असतो. आणि आपल्याकडे घरातून धंदा करणाऱ्यांत बायका किती, हे कोणत्याही चाळीच्या जिन्यात उभं राहिलं तरी दिसतं. पापड, शिवण, डबे, मेंदी, शिकवण्या.

आता तिने सांगितलेली तिसरी गोष्ट. ती सांगताना तिचा आवाज खाली गेला. दोन-तीन वेळा असं झालं, की गिऱ्हाइकाने रंग पसंत केला, माप कळवलं, पैसे कुठे पाठवायचे ते विचारलं, मग ‘तुमचं दुकान नेमकं कुठे?’ असं विचारलं, तिने मोहल्ल्याचं नाव सांगितलं, आणि त्यानंतर उत्तर आलं नाही. पुरावा काही नाही. माणसाचा विचार बदलू शकतो, दुसरीकडे स्वस्त मिळू शकतं. ती स्वतःच म्हणाली, “कदाचित माझ्याच मनात असेल.” मी या गावात वाढलो, आणि पत्त्यातल्या दुसऱ्या ओळीला माणसं कशी थबकतात हे मी भाड्याची खोली शोधताना पाहिलंय. हे एकट्या आमच्या मोहल्ल्यापुरतं नाही. वस्तीच्या नावावरून माणसाची जात, ऐपत, धर्म ताडायची सवय आपल्याला जुनी आहे. कुठल्याही गावातल्या झोपडपट्टीतल्या पोराला विचारा, नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना त्याचा हात का अडखळतो.

जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींनी मालकांची नावं दर्शनी भागात लावावीत, असे आदेश निघाले होते. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचं अन्न मिळतं ते लिहा, मालकाचं नाव लिहायची सक्ती करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. तेव्हा माझ्या एका मित्राने मला चिमटा काढला, “तुम्ही नाव लावायला विरोध करता आणि पत्ता लावा म्हणता, हे कसं?” मला यात फरक दिसतो. भजी खाणाऱ्याला भजी कशात तळली हे कळायला हवं आणि पोट बिघडलं तर कुणाला धरायचं हे कळायला हवं. तेवढ्यासाठी परवाना क्रमांक आहे, पत्ता आहे. तळणाऱ्याचं नाव वाचून पुढच्या दुकानात जायचं असेल, तर त्या माहितीचा भज्यांशी संबंध उरत नाही. मात्र एक कबूल केलं पाहिजे. तक्रारीसाठी दिलेला पत्तासुद्धा कुणी त्या दुसऱ्या कामासाठी वाचू शकतो. कागदावरचा पत्ता वाचणाऱ्याचा हेतू निवडत नाही.

मग करायचं काय? गुरुजींचे ४,२०० रुपये एका बाजूला आणि भाचीचा जिना दुसऱ्या बाजूला. मला विचाराल तर दोघांचंही भांडण पत्त्याशी नाहीच. गुरुजींना त्या मांडणीवाल्याची झोपायची खोली बघायची नव्हती. जिथे पत्र पोचेल, कुणीतरी सही करून ते घेईल आणि त्याचं उत्तर देणं भाग पडेल, अशी जागा त्यांना हवी होती. ती जागा घरापासून वेगळी असू शकते. ती वेगळी करून देणं एकट्या बाईला परवडत नाही, खरी अडचण इथे आहे.

यावर आपल्याच मुलखात एक जुनं उत्तर आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी गच्चीवर बसून पापड लाटले आणि लिज्जतची सुरुवात झाली. ८० रुपये उसने घेतले होते. पुढे रीत अशी पडली, की बायका शाखेतून पीठ घरी नेतात, घरी पापड लाटतात आणि वाळवून परत शाखेत आणून देतात. लाटणं घरात चालतं, पण पाकिटावर पत्ता संस्थेचा. पापड जळका निघाला तर गिऱ्हाईक संस्थेला जाब विचारतं. ज्या भगिनीने तो लाटला, तिच्या दारात रात्री साडेनऊला कुणी येत नाही. तिची सुटका मात्र झालेली नाही, संस्था पीठ-पापड तपासतेच. फक्त जाब विचारायची जागा वेगळी आहे. पत्त्याच्या दृष्टीने लिज्जतचा विचार कुणी केलाय की नाही ठाऊक नाही, पण मला त्यातली ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते.

आज बचत गट गावोगावी आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळाची लोकसंचालित साधन केंद्रं आहेत. नगरपालिका, महानगरपालिकांचे गाळे वर्षानुवर्षं रिकामे पडलेले आपण बघतो. अशा एखाद्या गाळ्यात दहा जणींनी मिळून एक टेबल मांडलं, पार्सलं तिथूनच द्यायची-घ्यायची असं ठरवलं, वार आणि वेळ ठरवून एकीने तिथे बसायचं ठरवलं, तर दहाही जणींच्या धंद्याला खराखुरा पत्ता मिळेल. यात एक पथ्य आहे. तिथे खरोखर काम चाललं पाहिजे. नुसती पाटी लावून आत कुलूप, असा पत्ता त्या चार रिकाम्या चौकोनांपेक्षा बरा नाही. मोठ्या शहरांत टेबल-खुर्ची भाड्याने देणारी कार्यालयं निघाली आहेत, पण त्यांचं भाडं दोन परकर विकून भागणारं नाही. टपाल खात्याची पोस्ट बॉक्सची जुनी सोय स्वस्त आहे. तिथे पत्र पोचतं, पण प्रत्यक्ष पत्ता द्या असं नियम म्हणतात, त्याची भूक तेवढ्याने भागत नाही.

हा पेच आपल्याकडेच आहे असंही नाही. जर्मनीत धंद्याच्या वेबसाइटवर ‘इम्प्रेसुम’ नावाचं पान असावंच लागतं. हा शब्द छापखान्याच्या दुनियेतूनच आलेला आहे, म्हणजे आपल्या वर्तमानपत्राच्या तळाच्या ओळीचाच तो चुलतभाऊ. तिथे न्यायालयाचं समन्स बजावता येईल असा पत्ता लागतो, पोस्ट बॉक्स चालत नाही. त्यामुळे तिथेही घरातून विणलेले मोजे विकणाऱ्या बाईला घराचा पत्ता जगाला सांगायचा नसेल, तर पैसे मोजून दुसरी जागा शोधावी लागते. कडक कायदा केला म्हणून घरातून धंदा करणाऱ्याची अडचण आपोआप सुटत नाही, हे त्यावरून दिसतं.

काही बारीकसारीक गोष्टी मात्र आजच करता येतात. गिऱ्हाइकाने दुकानात यायचंच नसेल, तर गूगलच्या नोंदीत पत्ता लपवता येतो, नुसता सेवा कुठे मिळते तो भाग दाखवायचा. तो लाल ठिपका घरावर ठेवायची सक्ती नाही. वेबसाइटवर पत्ता लिहिताना त्याखाली स्पष्ट लिहावं, ‘हा पत्ता पत्रव्यवहार आणि पार्सलसाठी आहे, भेटीसाठी आधी वेळ ठरवावी.’ घरचा नंबर आणि धंद्याचा नंबर वेगळा ठेवावा, रात्री धंद्याचा फोन बंद करावा. आणि ज्यांनी जीएसटीची नोंदणी केलीय त्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की तो क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला की धंद्याचं मुख्य ठिकाण कुणालाही दिसतं. तेव्हा नोंदणी करतानाच जागेचा विचार केलेला बरा, वेबसाइटवर मागाहून झाकून उपयोग नाही.

गिऱ्हाइकांनाही दोन शब्द. पैसे भरण्याआधी पत्ता शोधा. पिनकोड आहे का बघा. या पिनकोडचा आम्हा कवी मंडळींना उगाच अभिमान आहे, कारण तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले आणि संस्कृतचे कवी होते. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला. सहा अंकांत पहिला अंक विभागाचा, आपला ४. सोलापूरचा पिनकोड ४१३ने सुरू होतो. कुणी सोलापुरी चादर म्हणून विकत असेल आणि पिनकोड भलत्याच विभागाचा असेल, तर निदान एक प्रश्न विचारायला हरकत नाही. पत्ताच नसेल तर आगाऊ पैसे भरू नका. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. उघड उघड पैसे लुबाडले असतील तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, आणि तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं. आणि पत्ता मिळाला म्हणून कृपा करून रात्री साडेनऊला कुणाच्या दारात उभे राहू नका. पत्र लिहा. रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं, तरी पोचपावती घेता येते आणि पत्राची शक्ती काही कमी झालेली नाही.

गुरुजींचे पैसे अजून मिळालेले नाहीत. त्यांनी बँकेकडून पैसे गेलेल्या खात्याचा माग काढायला अर्ज दिलाय, १९१५वर नोंद केलीय आणि दर सोमवारी ते पाठपुरावा करतात. मांडणी त्यांनी अखेर इथल्याच सुताराकडून करून घेतली.

भाचीने मार्ग काढला. नव्या पेठेत तिच्या ओळखीच्या एक ताई शिवणवर्ग चालवतात. त्या खोलीचा एक कोपरा तिने आणि दोघी मैत्रिणींनी भाड्याने घेतला. तिघींच्या तीन वेबसाइट, पत्ता एक. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते पाच तिघींपैकी एक तिथे असते, मापं तिथेच घेतात, बदलून द्यायचं ते तिथेच. तोकडा परकर घेऊन पुन्हा कुणी जिन्यात आलेलं नाही. धंदाही बरा चाललाय म्हणते. दाराशी तिघींनी मिळून एक छोटी पाटी लावलीय, मराठीत, आणि अक्षरं मी काढून दिली आहेत.

त्या नव्या पत्त्यात आता आमच्या मोहल्ल्याचं नाव नाही. घर सुरक्षित राहावं म्हणून तिने ते काढलं, की त्या दोन-तीन न आलेल्या उत्तरांमुळे, हे मी तिला विचारलेलं नाही.